व्हॉल्यूम आणि ओपन इंटरेस्ट बघून भावाचा अंदाज खरंच येतो का?

आकडेमोड
बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढला. वायदेबाजार शिकायला घेतला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तो चार खान्यांचा तक्ता हातात ठेवतं. (व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात झालेले सौदे, ओपन इंटरेस्ट किंवा ओआय म्हणजे अजून न मिटलेले, उभे सौदे. लाँग म्हणजे घेणारी बाजू, शॉर्ट म्हणजे आधी विकून ठेवणारी. बिल्डअप म्हणजे ती बाजू वाढणं, कव्हरिंग किंवा अनवाइंडिंग म्हणजे ती मिटणं.) भाव वर ओआय वर म्हणजे लाँग बिल्डअप, भाव खाली ओआय वर म्हणजे शॉर्ट बिल्डअप, भाव वर ओआय खाली म्हणजे शॉर्ट कव्हरिंग आणि भाव खाली ओआय खाली म्हणजे लाँग अनवाइंडिंग. त्यात व्हॉल्यूम जास्त असेल तर म्हणे 'कन्फर्म'.

माझं म्हणणं असं की हा तक्ता झालेल्या गोष्टीला नाव देतो, पुढे काय होणार ते सांगत नाही. आज लाँग बिल्डअप झालं हे कळलं, बरं मग उद्या काय? पण दुसरीकडे असंही दिसतं की वर्षानुवर्षं या बाजारात टिकलेली माणसं सकाळी उठून आधी ओआय बघतात, ती काही उगाच नाही बघत. तर तुम्ही या दोन आकड्यांत नेमकं काय बघता आणि त्यातून भावाचा अंदाज कसा बांधता ते लिहा. फ्युचर, ऑप्शन, शेअर, कमोडिटी सगळं चालेल. फक्त 'माझं तर चालतं' एवढ्यावर थांबू नका, का चालतं तेही लिहा.

रानवारा
चांगला विषय. वाचतेय.

ओळंबा
आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, नाहीतर पुढे सगळे वेगवेगळ्या गोष्टींवरून भांडत बसतील. समजा अ ने ब कडून एक लॉट (ठरलेल्या मापाचा एक सौदा) घेतला, दोघांचीही पोझिशन नवी. व्हॉल्यूम १, ओआय १. मग अ ने तोच लॉट क ला विकला, अ बाहेर पडला, क नवा आला. व्हॉल्यूम २ झाला पण ओआय १ च राहिला. शेवटी क ने विकला आणि ब ने तो घेऊन आपला शॉर्ट मिटवला. व्हॉल्यूम ३, ओआय शून्य. म्हणजे व्हॉल्यूम दिवसभर नुसता वाढत जातो आणि दुसऱ्या दिवशी परत शून्यापासून सुरू होतो, ओआय मात्र वरखाली होतो आणि काल जिथे थांबला तिथून पुढे चालतो.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक उभ्या सौद्याला एक लाँग असतो आणि एक शॉर्ट असतोच. त्यामुळे 'आज लाँग वाढले' हे वाक्यच अर्धवट आहे, जेवढे लाँग वाढले तेवढेच शॉर्टही वाढले. तक्ता गुपचूप असं धरून चालतो की भाव ज्या बाजूला गेला त्या बाजूची माणसं घाईत होती. ते बऱ्याचदा खरंही असतं. पण ते भावाने सांगितलंय, ओआयने नाही!

तेजीमंदी
ओळंबा, व्याख्या बरोबर आहे पण निष्कर्षाशी असहमत. तक्ता टाकाऊ नाही. भाव वर जाताना ओआय खाली येत असेल तर निदान एवढं तर नक्की कळतं ना की उभे सौदे मिटतायत, म्हणजे जुने शॉर्टवाले नुकसानीत घेऊन बाहेर पडतायत आणि समोर जुने लाँगवाले नफा काढून त्यांना माल देतायत. शॉर्ट मिटवणारा माणूस नाइलाजाने घेतो, त्याला ती वस्तू आवडलेली नसते. त्याचं घेणं संपलं की पुढचा गिऱ्हाईक कुठून येणार? याउलट भाव वर आणि ओआयही वर असेल तर नवा पैसा आत येतोय, आणि समोर नवे शॉर्टवालेही बसतायत ज्यांना पुढे कधीतरी घ्यावंच लागणार आहे. मी बरीच वर्षं कमोडिटीत आहे, बऱ्याच दिवसांच्या रेंजमधून (वरखाली फिरत राहायच्या ठराविक पट्ट्यातून) भाव बाहेर पडतो तेव्हा हा फरक मला फार उपयोगी पडतो. रेंजमध्ये असतानाच ओआय साठत गेलेला असेल तर बाहेर पडल्यावरची चाल लांब जाते, कारण चुकीच्या बाजूला अडकलेली माणसं जास्त असतात.

ओळंबा
अडकलेल्या लोकांचा मुद्दा मान्य. पण तुम्हीच बघा, रेंजमध्ये साठलेला ओआय तुम्हाला चाल मोठी होईल एवढंच सांगतो. वर की खाली हे भाव बाहेर पडल्यावरच कळतं.

तेजीमंदी
हो, आणि मला तेवढं पुरतं. दिशा मी भावावरून घेतो.

चांदणचुरा
थोडी अभ्यासाची भर टाकते, कारण यावर संशोधन पुष्कळ झालंय आणि बाजारगप्पांत त्याचा उल्लेख फारसा येत नाही. १९८७ मध्ये कारपॉफने तोपर्यंतच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यात व्हॉल्यूम आणि भावातला बदल किती मोठा (दिशा कुठलीही असो) यांचं नातं सगळीकडे दिसतं. म्हणजे मोठी हालचाल आणि मोठा व्हॉल्यूम बरोबर येतात. 'बरोबर' हा शब्द महत्त्वाचा, आधी नाही.

पुढे काय होतं याबद्दलचे निष्कर्ष जास्त गमतीचे आहेत. १९९३ मध्ये कॅम्पबेल, ग्रॉसमन आणि वांग यांनी दाखवलं की जास्त व्हॉल्यूमच्या दिवशी झालेली हालचाल दुसऱ्या दिवशी उलटण्याकडे जास्त झुकते. कारण असं की कोणाला तरी पैशाची गरज म्हणून विकायचंय, बातमी काहीच नाही, समोरचा माल घ्यायला तयार आहे पण थोडा स्वस्त मिळाला तर, म्हणून भाव पडतो आणि गरज भागली की परत येतो. उलट २००१ मध्ये जर्व्हे, कॅनिएल आणि मिंगलग्रिन यांना असं दिसलं की ज्या शेअरमध्ये एखाद्या दिवशी किंवा आठवड्यात नेहमीपेक्षा फार जास्त व्हॉल्यूम झाला तो पुढचा महिनाभर सरासरीने चांगला चालतो. त्यांचा अर्थ असा की शेअर लोकांच्या नजरेत आला. आणि २००२ च्या एका अभ्यासाने याचा सांधा जोडायचा प्रयत्न केला, जिथे आतली माहिती असलेले लोक सौदे करतायत तिथे जास्त व्हॉल्यूमची चाल पुढे चालू राहते, आणि जिथे नुसती पोझिशन इकडची तिकडे होतेय तिथे ती उलटते.

म्हणजे आकडा एकच, पण सौदा कोणी आणि का केला यावर अर्थ बदलतो. आकडेमोड यांनी विचारलेलं 'का' इथे आहे असं मला वाटतं.

आकडेमोड
चांदणचुरा, फार छान प्रतिसाद. पण मग 'कोणी आणि का' हे मला बाहेरून कसं कळणार?

दुर्बीण
त्यासाठीच अमेरिकेत सीएफटीसीचा (वायदेबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) कमिटमेंट्स ऑफ ट्रेडर्स अहवाल येतो. १९६२ पासून आहे, आधी महिन्यातून एकदा यायचा, २००० पासून दर आठवड्याला. ओआयची फोड करून देतात, धंद्यासाठी हेजिंग (भावाच्या धोक्यापासून बचाव) करणारे कोण, सट्टा करणारे कोण, आणि उरलेले छोटे कोण. २००९ पासून त्यात आणखी बारीक वर्गवारी आली, उत्पादक-व्यापारी वेगळे, स्वॉप डीलर (ग्राहकांशी बाजाराबाहेर करार करणारे) वेगळे, फंड वेगळे. फंडांची निव्वळ लाँग पोझिशन खूप वर्षांतल्या टोकाला गेली की मी नव्याने घेत नाही. विकतही नाही, कारण टोक बरेच महिने टोकावरच बसून राहू शकतं.

एकच अडचण. मंगळवार संध्याकाळच्या पोझिशन शुक्रवारी जाहीर होतात. मध्ये तीन दिवसांत जग बदललेलं असतं.

धुमकेतू
हेजिंगवाल्यांबद्दल एक. ते शॉर्ट आहेत म्हणजे त्यांना भाव पडेल असं वाटतं असा अर्थ लोक सर्रास काढतात. तसं नसतं. तेल काढणाऱ्या कंपनीकडे तेल आहेच, ती वायद्यात विकून आपला भाव बांधून घेते. भाव वाढला तर तिला वायद्यात तोटा आणि मालात फायदा, हिशोब जुळतो. भविष्य सांगायला ती बसलेलीच नाही तिथे.

चांदणचुरा
अगदी. आणि त्यातूनच एक चांगला धागा निघतो. हाँग आणि योगो यांचा २०१२ चा अभ्यास कमोडिटीच्या ओआयवर आहे. त्यात असं दिसलं की कमोडिटी बाजारातला एकूण ओआय वाढत गेला तर पुढचे परतावे चांगले येतात, आणि भावाच्या मागच्या चालीत नसलेली माहिती या ओआयमध्ये असते. कारण अर्थव्यवस्था जोरात असली की उत्पादकही हेज करतात आणि वापरणारेही, दोन्ही बाजूंनी सौदे वाढतात, पण समोर धोका घेणारा पैसा मर्यादित असतो म्हणून भावाला ती बातमी पचवायला वेळ लागतो. हे महिन्यांच्या पट्टीवरचं आहे हं, उद्या सकाळच्या सौद्यासाठी नाही.

काठावरचा
एवढं सगळं वाचून मला वाटतं आपण व्हॉल्यूमला फार मान देतोय. ६ मे २०१० चा फ्लॅश क्रॅश आठवा, अमेरिकी बाजार काही मिनिटांत कोसळून परत सावरला तो. सीएफटीसी आणि एसईसीने (तिथल्या शेअरबाजाराच्या नियामक संस्थेने) मिळून त्याचा अहवाल दिलाय आणि तो या धाग्यासाठीच लिहिलाय असं वाटावं इतका नेमका आहे. एका मोठ्या संस्थेला ७५,००० ई-मिनी फ्युचर (एस अँड पी ५०० निर्देशांकाचे वायदे) विकायचे होते, साधारण ४.१ अब्ज डॉलरचा माल. त्यांनी अल्गोरिदमला सांगितलं की मागच्या मिनिटात जेवढा व्हॉल्यूम झाला त्याच्या ९ टक्के विकत राहा. भाव बघू नको, वेळ बघू नको, फक्त व्हॉल्यूम बघ.

मग काय झालं, बाजार पडायला लागला, हाय-फ्रिक्वेन्सीवाले (संगणकाने क्षणार्धात सौदे करणारे) एकमेकांनाच माल देत-घेत बसले. १४ सेकंदांत त्यांनी २७,००० पेक्षा जास्त कॉन्ट्रॅक्ट फिरवले, त्या वेळच्या एकूण व्हॉल्यूमच्या ४९ टक्के, आणि निव्वळ खरेदी किती केली तर फक्त २०० च्या आसपास. म्हणजे व्हॉल्यूम प्रचंड, पण खरा घेणारा कोणीच नाही. आणि अल्गोरिदम मात्र व्हॉल्यूम वाढला, म्हणजे बाजारात दम आहे, असं समजून आणखी जोरात विकत राहिला. व्हॉल्यूम म्हणजे लिक्विडिटी (भाव फारसा न हलवता माल घेता-विकता येणं) नव्हे, एवढं जरी लोकांच्या डोक्यात बसलं तरी खूप झालं.

रानवारा
बाप रे. १४ सेकंदांचा आकडा माहीत नव्हता.

तेजीमंदी
काठावरचा, उदाहरण जबरदस्त आहे पण ते अपवादातलं आहे. रोजच्या बाजारात जिथे व्हॉल्यूम जास्त तिथे स्प्रेड (घेण्या-विकण्याच्या भावातला फरक) कमी आणि माल काढणं सोपं, हे कोणीही सांगेल.

काठावरचा
रोजच्या बाजारात छत्री कोणाचीही चालते हो, प्रश्न वादळाचा आहे :)
बरं, गंभीरपणे सांगायचं तर अपवादाच्या दिवशीच खातं रिकामं होतं, म्हणून मला अपवाद महत्त्वाचे वाटतात.

चांदणचुरा
दोघांच्या मधलं एक: बेसेम्बिंडर आणि सेगिन, १९९३, आठ वायदेबाजारांचा अभ्यास. अनपेक्षित व्हॉल्यूम आला की भावाची हालचाल वाढते, पण ओआय आधीपासून मोठा असेल तर ती हालचाल कमी राहते. ओआय मोठा म्हणजे बाजार खोल, असं त्यांनी धरलंय. म्हणजे दोन आकडे एकत्र बघण्यात अर्थ आहे, फक्त दिशेसाठी नाही तर धक्का किती बसेल यासाठी.

खडीसाखर
ऑप्शनबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? (कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला घ्यायचा हक्क, पुट म्हणजे विकायचा, तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, हक्क विकणारा तो रायटर, मुदत संपते ती एक्स्पायरी.) ज्या स्ट्राइकला कॉलचा ओआय सगळ्यात जास्त तो रेझिस्टन्स (भावाला वर अडवणारी पातळी), पुटचा जास्त तो सपोर्ट (खाली धरून ठेवणारी). रायटर मोठे असतात, ते आपली स्ट्राइक वाचवतात. एक्स्पायरीला भाव बरोबर मोठ्या ओआयच्या स्ट्राइकजवळ येऊन चिकटतो हे मी स्वतः खूपदा बघितलंय.

ओळंबा
चिकटतो हे खरंय, २००५ मध्ये नी, पिअरसन आणि पोटेशमन यांनी आकड्यांनी दाखवलंय की ज्या शेअरवर ऑप्शन आहेत ते एक्स्पायरीला स्ट्राइकच्या जवळ जास्त वेळा बंद होतात. पण कारण 'वाचवतात' एवढं सरळ नाही. मोठा भाग हेजिंगचा आहे. ज्याने ऑप्शन विकत घेऊन डेल्टा हेज (भावाचा धोका मारायला शेअरमध्ये उलटी पोझिशन) केलाय तो भाव वर गेला की शेअर विकतो आणि खाली आला की घेतो, त्यामुळे भाव स्ट्राइककडे ओढला जातो. (काही मोठ्या फर्म मुद्दाम ढकलतात याचाही पुरावा त्या अभ्यासात आहे, ते नाकारत नाही.) पण हेज करणाऱ्याने ऑप्शन विकलेले असतील तर सगळं उलट. भाव वर गेला की त्याला घ्यावं लागतं आणि खाली गेला की विकावं लागतं, मग तीच स्ट्राइक भिंत न राहता उतार होते. नुसत्या ओआयवरून हेज करणारा घेणारा आहे की विकणारा हे दिसत नाही.

खडीसाखर
हं. म्हणजे कॉलचा ओआय जास्त दिसतोय तो रायटरचा समजायचा की घेणाऱ्याचा?

ओळंबा
दोघांचा. तेच तर. परत अ, ब, क कडे जा :)

दुर्बीण
पुट-कॉल रेशोचंही (पुटचे सौदे कॉलच्या तुलनेत किती त्याचंही) तेच. पॅन आणि पोटेशमनचा २००६ चा अभ्यास आहे, १९९० ते २००१ चा डेटा. नव्याने उघडलेल्या खरेदीचा पुट-कॉल रेशो काढला तर तो पुढच्या दिवसाचा आणि आठवड्याचा परताव्याचा अंदाज चांगला देतो. पण ही 'नवी खरेदी' वेगळी काढायला लागणारा डेटा तेव्हा सगळ्यांना मिळत नव्हता, आणि सगळ्यांना दिसणाऱ्या व्हॉल्यूमवरून काढलेल्या रेशोत ती ताकद फार कमी. फुकट मिळणाऱ्या आकड्यात कमाई कमी हे यावरून पटतं.

विजनवास
क्रिप्टोवाल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो कारण तिथे हे आकडे सगळ्यात जास्त वापरतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. एक, व्हॉल्यूम. २०१९ च्या मार्चमध्ये बिटवाइजने (क्रिप्टो फंड चालवणाऱ्या कंपनीने) एसईसीसमोर मांडलं होतं की जाहीर होणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी ९५ टक्के खोटा किंवा अर्थ नसलेला आहे. स्वतःच स्वतःला विकत बसायचं आणि आकडा फुगवायचा. दोन, ओआय. तो बऱ्याच ठिकाणी डॉलरमध्ये दाखवतात. भाव १० टक्के वाढला तर एकही नवा सौदा न होता डॉलरमधला ओआय १० टक्के वाढतो, आणि लोक 'भाव वर ओआय वर लाँग बिल्डअप' म्हणून नाचतात. कॉइनमध्ये किंवा कॉन्ट्रॅक्टमध्ये मोजा, नाहीतर तक्त्याचा लाँग बिल्डअपचा खाना आपोआप भरतो.

पर्पेच्युअलमध्ये (मुदत नसलेल्या क्रिप्टो वायद्यात) ओआयसोबत फंडिंग रेट (लाँग आणि शॉर्टवाल्यांनी ठराविक वेळाने एकमेकांना द्यायचं शुल्क) मिळतो, तो मला जास्त उपयोगी वाटतो. ओआय फुगलाय आणि फंडिंगही खूप चढलंय म्हणजे लाँगवाले टिकून राहायला पैसे मोजतायत. तिथे निदान घाई कोणाला आहे ते दिसतं.

आकडेमोड
विजनवास, हे डॉलरवालं अजिबात लक्षात आलं नव्हतं. शेअरमध्ये पण उलाढाल रुपयात बघितली तर हाच घोळ होणार की.

विजनवास
होणारच. आणि स्प्लिट झाला, लॉट साइज बदलला की कॉन्ट्रॅक्टची संख्यासुद्धा एका रात्रीत बदलते. डेटा लांबचा घेतला तर आधी ते सरळ करून घ्या.

चाफेकळी
अवांतर होईल पण व्हॉल्यूमच्या गोष्टीत ग्रॅनव्हिल (अमेरिकेतले बाजार सल्लागार) हवेतच. १९६३ मध्ये ऑन बॅलन्स व्हॉल्यूम (ओबीव्ही) लोकांसमोर आणला तो यांनीच. भाव वर बंद झाला तर सगळा व्हॉल्यूम मिळवायचा, खाली बंद झाला तर सगळा वजा करायचा. जानेवारी १९८१ मध्ये त्यांनी आपल्या ग्राहकांना सगळं विका असा निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी बाजार प्रचंड व्हॉल्यूमवर पडला. मग १९८२ मध्ये मोठी तेजी सुरू झाली तेव्हा मात्र ते मंदीच सांगत राहिले. मला यातला पहिला भाग जास्त विचार करण्यासारखा वाटतो. त्या दिवशीचा व्हॉल्यूम कशाची खूण होता? त्यांच्याच निरोपाची!

तेजीमंदी
ओबीव्हीत मला तो 'सगळा व्हॉल्यूम' प्रकार कधीच पटला नाही. दिवसभर भाव वर, शेवटच्या मिनिटाला एक पैसा खाली बंद, की सगळा दिवस वजा.

धुमकेतू
२० एप्रिल २०२० च्या कच्च्या तेलाबद्दल लिहायचं राहिलं. मे महिन्याचा डब्ल्यूटीआय (अमेरिकी कच्च्या तेलाचा) वायदा उणे ३७.६३ डॉलरला सेटल झाला, दुसऱ्या दिवशी एक्स्पायरी. त्या वायद्यातला ओआय घसरत होता, तक्त्यानुसार भाव खाली ओआय खाली म्हणजे लाँग अनवाइंडिंग, म्हणजे 'मंदी संपत आली'. खरी गोष्ट ओआयच्या बाहेर होती. कुशिंगला (ओक्लाहोमात, जिथे या वायद्याचं तेल प्रत्यक्ष दिलं जातं) माल ठेवायला मोकळ्या टाक्या मिळत नव्हत्या, आणि एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे १,००० बॅरल प्रत्यक्ष घ्यायचं. ज्यांच्याकडे टाकी नव्हती त्यांना कुठल्याही भावाला बाहेर पडणं भाग होतं. एक्स्पायरीला किती ओआय उरलाय आणि प्रत्यक्ष माल उचलू शकणारे किती, ही तुलना तेव्हा उपयोगी पडली असती.

काठावरचा
तसंच मार्च २०२२ चं निकेल. लंडन मेटल एक्स्चेंजवर ८ तारखेला भाव टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेला, व्यवहार थांबवले, त्या दिवशीचे सौदेच रद्द केले. एका मोठ्या उत्पादकाची शॉर्ट पोझिशन होती आणि तिचा बराच भाग बँकांबरोबर एक्स्चेंजच्या बाहेर केलेला. एक्स्चेंजच्या ओआयमध्ये त्या उत्पादकाचं नावगाव कुठून दिसणार? आपण जो ओआय बघतो तो फक्त दिसणारा भाग असतो.

रानवारा
मला एक साधा प्रश्न आहे. दिवसाच्या मध्येच व्हॉल्यूम जास्त आहे की कमी हे कसं ठरवता? सकाळी तर कायमच जास्त दिसतो.

दुर्बीण
सकाळची तुलना सकाळशीच करायची. बाजार उघडताना आणि बंद होताना व्हॉल्यूम जास्त असतो, मधे खड्डा. म्हणून 'आज दुपारी व्हॉल्यूम कमी झाला' यात बातमी काहीच नाही. मागच्या काही आठवड्यांत याच वेळेपर्यंत सरासरी किती झाला होता, त्याच्या किती पट आज झालाय ते बघा. आणि एक्स्पायरीचे, इंडेक्समध्ये बदल होण्याचे दिवस त्या सरासरीतून काढून टाका, त्या दिवशीचा व्हॉल्यूम ठरलेलाच असतो, कोणाचं मत त्यात नसतं.

रानवारा
धन्यवाद, हे लगेच करून बघण्यासारखं आहे.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येतो. सगळं वाचून मला जे पटलं ते असं की दिशा मी भावाला विचारायची आणि ओआय-व्हॉल्यूमला विचारायचं की या चालीत माणसं किती आहेत, नवी आहेत की जुनी, आणि अडकली तर बाहेर पडायला जागा आहे का. तेजीमंदी आणि ओळंबा सुरुवातीला भांडत होते पण दोघं बहुतेक हेच म्हणत होते. आता मी तेजीमंदींचा रेंजवाला नियम मागच्या डेटावर तपासणार आहे: रेंजमध्ये ओआय वाढलेला असताना बाहेर पडलेली चाल आणि ओआय न वाढता बाहेर पडलेली चाल, दोन्हींची लांबी. त्यात चालू महिन्याचा ओआय घेऊ की सगळ्या महिन्यांचा?

तेजीमंदी
सगळ्या महिन्यांची बेरीज घे. नुसता चालू महिना घेतलास तर दर एक्स्पायरीच्या आधी रोलओव्हरमुळे (सौदा पुढच्या महिन्यात नेण्यामुळे) ओआय पडताना दिसेल आणि पुढच्या महिन्याचा चढताना, दोन्हीत कोणाचं मत बदललेलं नसतं. व्हॉल्यूममध्येही तेच, एक पोझिशन पुढे नेली की दोन्ही महिन्यांत सौदा मोजला जातो. आणि रेंज कशाला म्हणायचं ते डेटा बघायच्या आधी लिहून ठेव, नंतर ठरवू नकोस.

ओळंबा
आणि ओआयचा पक्का आकडा बऱ्याच एक्स्चेंजवर बाजार बंद झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी येतो. तू त्याच दिवशीच्या बंद भावाला खरेदी धरलीस तर तेव्हा तुझ्याकडे नसलेला आकडा वापरल्यासारखं होईल. कालचा ओआय आणि आजचा उघडता भाव अशी जोडी लाव. निकाल काय येईल तो इथेच टाक, नकारात्मक आला तरी.